आदर्श कोणापुढे आणि कसला?

‘इतरांपुढे चांगला आदर्श ठेवा’ हे वाक्य आपल्या प्रवचनपीठावरून इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही. ख्रिस्ती माणसाने दारूपासून दूर राहावे, शेजाऱ्याशी भांडू नये, मुलांना शिकवावे, रविवारची मिस्सा चुकवू नये, एवढ्यावर आपला आदर्श आटोपतो. हे सारे चांगलेच आहे. परंतु असे सज्जन सर्व धर्मांत आढळतात. आपले शेजारी सज्जनपणा आपल्याकडून शिकण्यासाठी थांबलेले नाहीत. ख्रिस्ती म्हणून आपण जगापुढे जो दावा मांडतो तो वेगळाच आहे: एकाच वेदीभोवती, एकाच भाकरीत वाटेकरी होणाऱ्यांत उच्चनीच उरत नाही. आपली परीक्षा व्हायची ती ह्याच दाव्यावर. आणि ती होऊनही गेली आहे.

ती घेणारा माणूस ह्या नागपूरला परका नाही. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास लाखो माणसे दीक्षाभूमीवर येतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आपण त्या गर्दीकडे वाहतुकीची अडचण म्हणून पाहतो आणि सदरच्या कॅथेड्रलचा रस्ता धरतो. पण १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केल्यापासून २१ वर्षे हा माणूस धर्म तपासत होता, आणि त्याच्या तपासणीत आपणही होतो. १९३८च्या जानेवारीत सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना त्यांनी सांगितले की, बुद्ध आणि ख्रिस्त ह्या दोनच व्यक्तिमत्त्वांनी आपल्या मनाची पकड घेतली आहे. त्याच भाषणात दक्षिणेतील देवळांत पाळल्या जाणाऱ्या जातिभेदावर त्यांनी बोट ठेवले. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडातही धर्मांतरितांच्या स्थितीची हीच चिकित्सा आहे: धर्म बदलला, जात बदलली नाही.

त्यांचा निर्णय केवळ आपल्या उणिवांतून झाला, असा माझा दावा नाही. तसे म्हणणे हा त्यांच्या विचाराचा आणि बुद्धाचाही अपमान होईल. मला एवढेच दाखवायचे आहे की, मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे श्रेय त्यांनी नाकारले नाही आणि ख्रिस्ताला तर मुळीच नाकारले नाही. त्यांना आपल्यात सज्जन व्यक्ती दिसल्या. दिसला नाही तो जातीवाचून जगणारा समाज. एकेका व्यक्तीच्या सद्गुणांनी समाजाचा आदर्श सिद्ध होत नाही, हा ह्यातून घ्यायचा धडा आहे, आणि आपण तो अजून घेतलेला नाही.

‘हा दक्षिणेचा रोग; आपल्याकडे असे काही नाही,’ असे म्हणणारे लगेच पुढे येतील. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत स्थळ पाहताना बामण, चार्दो, सुदीर हे शब्द अजून का कुजबुजले जातात, ह्याचे उत्तर त्यांनी द्यावे. भारतीय बिशपांच्या परिषदेने १९८२ साली जातिभेदाला पाप म्हटले. २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना हा भेद ख्रिस्तसभेत अजून टिकून असल्याचे मान्य केले. दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल व्हायला आपल्या ख्रिस्तसभेला २०२२ साल उजाडावे लागले. बिशप जे मान्य करतात ते धर्मग्रामाने नाकारावे, हे नवल आहे.

ह्याहून मोठी विसंगती पुढेच आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माला बांधल्या. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्या मिळाल्या, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून दर वर्षी १० ऑगस्टला आपण काळा दिवस पाळतो. मागणी न्याय्य आहे आणि तिला माझा संपूर्ण पाठिंबा आहे. परंतु सरकारदरबारी ‘स्नानसंस्काराने जात सुटत नाही’ असे सांगायचे आणि शेजाऱ्यांना ‘आमच्यात जात नाही’ असे सांगायचे, हे एकाच तोंडाने कसे शोभते? बाहेरच्या समाजाने लादलेल्या जातीविरुद्ध दाद मागण्याचा नैतिक अधिकार आतली जात मोडणाऱ्यालाच असतो.

‘आपली लक्तरे आपणच वेशीवर का टांगावीत? इतरांपुढे काय आदर्श राहील?’ हा शेवटचा आक्षेप. त्यात आदर्श आणि अब्रू ह्यांची गल्लत आहे. लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात बजावले. त्याच प्रवचनात आपला प्रकाश लोकांपुढे पडू द्या, असेही सांगितले. दोन्हींचा मेळ एकाच रीतीने बसतो: दिवा लावायचा असतो, रंगवायचा नसतो. नास्तिकतेच्या वाढीत श्रद्धावंतांच्या सदोष आचरणाचाही वाटा आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली उघडपणे लिहिले. दहा वर्षांनी पोप पॉल सहावे ह्यांनी सांगितले की, आजचा माणूस गुरूपेक्षा साक्षीदाराचे अधिक ऐकतो. साक्षीदाराने सोयीपुरते बोलावे, असा न्याय कोठे आहे?

मराठी ख्रिस्ती समाजाला उदाहरण दूरचे शोधायला नको. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांनी सोवळ्याओवळ्याशी मनात झुंज दिली आणि माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही अशी खात्री पटताच तो टाकून दिला. स्नानसंस्कार त्यानंतरचा. त्यांनी आधी जात टाकली, मग ख्रिस्त स्वीकारला. त्या कॅथलिक नव्हत्या. तरी आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ख्रिस्तीपणाला त्यांचा हा क्रम लाजवणारा आहे.

म्हणून आदर्शाची भाषा यापुढे नेमकी करू या. धर्मग्राम मंडळावर कोणत्या वस्तीची माणसे कधीच निवडली जात नाहीत? सणाच्या जेवणावळीनंतर भांडी नेहमी कोणाच्या वाट्याला येतात? शाळेतल्या शिपायाला आणि देवळाच्या सेवकाला पुरेसा पगार मिळतो काय? मुलीचे लग्न ठरवताना आपण मुलाची श्रद्धा विचारतो की मूळ गाव विचारून जात काढून घेतो? ह्या प्रश्नांची उत्तरे आपला शेजारी केव्हाच जाणतो. आदर्श ठेवायचा की नाही, हे ठरवणे आपल्या हाती नाही. आपण जसे आहोत तसा तो रोज ठेवला जातोच आहे.