‘पावसामुळे घसरला’ म्हणजे नक्की काय झालं?

‘पावसामुळे सायकल घसरून एक जखमी.’ जून उजाडला की ही दोन ओळींची बातमी हमखास येते. आपण वाचतो, चुकचुकतो, पान उलटतो. या वाक्यात पाऊस आरोपी आहे आणि सायकलवाला थोडा बेसावध. रस्ता मात्र वाक्यात कुठेच नाही.

पत्रकारितेच्या पदविकेला पहिल्याच आठवड्यात सहा प्रश्न घोकून घेतात. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. वीस वर्षं जिल्ह्यातल्या बातम्या बघतोय. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा असतात. ‘का’च्या जागी पाऊस बसवला की ‘कसं’ विचारायची गरजच उरत नाही. मंडळी, हा नुसता भाषेचा मुद्दा असता तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. त्या एका शब्दावर गरीब माणसाचे लाख-दोन लाख बुडतात, कधी त्याहून जास्त. कसे, ते सांगतो.

आमच्या ओळखीचे एक पेपरवाले काका आहेत, साठीचे. गाव सांगत नाही, आपल्या पट्ट्यातलंच आहे. गेल्या पावसाळ्यात पहाटे गठ्ठा लावून निघाले होते. रस्त्यावर घोटाभर पाणी. कडेला पाणी जायची लोखंडी जाळी होती, तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवलेल्या. पुढचं चाक बरोबर दोन पट्ट्यांच्या फटीत गेलं आणि काका हँडलवरून पुढे फेकले गेले. मनगट मोडलं, पुढचे दोन दात गेले. दवाखान्यात नेणाऱ्या पोराने सांगितलं, ‘पावसात घसरले हो.’ डॉक्टरांनी तेच केसपेपरवर लिहिलं आणि पोलिसांच्या नोंदीतही तेच उतरलं. चार दिवसांनी त्या जाळीवर कुणीतरी फरशी टाकली. संपलं. आता काकांनी कुणाला काय दाखवायचं?

हीच जाळी आडव्या पट्ट्यांची असती तर चाक वरून टकटक करत निघून गेलं असतं. जाळी तीच, वजन तेच, खर्चही तोच, फक्त फिरवून बसवायची. मोटारसायकलचं टायर रुंद, त्याला ही फट कळतसुद्धा नाही, चारचाकीचं तर सोडाच. सायकलवाल्यालाच ती दिसते, तीही कोरड्या दिवशी.

आता कायद्याचं बघा. सायकलला मोटारीने उडवलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तरी २०२२ पासून केंद्राची योजना आहे: मृत्यू झाल्यास दोन लाख, गंभीर जखमीला पन्नास हजार. २०२५ पासून अपघातग्रस्तावर दीड लाखापर्यंत, पहिले सात दिवस, रोकड न भरता उपचार करायचीही योजना आली. चांगल्याच गोष्टी आहेत. पण या सगळ्यांची अट एक, अपघातात मोटार वाहन पाहिजे. एकटा सायकलवाला खड्ड्यात, जाळीत, उघड्या चेंबरमध्ये पडला तर तो यातल्या कशातच बसत नाही. सायकलचा ना विमा, ना नंबरप्लेट. कागदोपत्री तो आपला आपण पडलेला माणूस.

ही फट ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थोडी बुजवली. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, जखमीला दुखापत पाहून पन्नास हजार ते अडीच लाख, आणि ते रस्ता ज्याच्या ताब्यात त्याने द्यायचे, असा आदेश आहे. महापालिकांपासून नगरपालिकांपर्यंत सगळ्यांना तो लागू आहे. त्यात सायकल आणि मोटार असा भेद नाही. पण पैसे मागायला गेल्यावर पहिला प्रश्न काय असणार? ‘पडला ते कशामुळे?’ आणि कागदावर लिहिलेलं असणार, पावसामुळे. पावसाकडून भरपाई कोण वसूल करणार?

म्हणून म्हणतो, हा शब्द महाग आहे.

काही जण म्हणतील, पावसात सावकाश चालवावी की! चालवतातच. ज्याला पडल्यावर दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो तो शर्यत लावत नसतो. पण साध्या सायकलचा ब्रेक रबराचा, तो रिमला घासून लागतो. रिम ओली असली की पहिले दोन-तीन फेरे रबर नुसतं पाणी पुसतं, मग कुठे पकड येते. म्हणजे समोर काही दिसल्यावर सावकाश जाणारा माणूससुद्धा थोडा पुढे जातोच. त्या ‘थोड्या’त जाळी आहे की नाही, हे त्याच्या हातात नाही.

आपल्या कृष्णाकाठच्या हवेचं वेळापत्रक तर लहान पोरालाही पाठ आहे. एप्रिल-मे मध्ये वळीव. दुपारपर्यंत घामाच्या धारा, चारला आभाळ काळं, आधी धूळ घेऊन वारा येतो. सायकलवाल्याला तो बाजूने ढकलतो, नेमका ट्रकच्या अंगावर. मग टपोरे थेंब. हा पहिला पाऊस सगळ्यात वाईट. सहा-सात महिने रस्त्यावर सांडलेलं ऑइल, डिझेल आणि बसलेली धूळ, सगळं एकत्र ओलं होऊन साबण होतो. जोराचा पाऊस लागून राहिला की ते वाहून जातं, पण वळीव पाच मिनिटं शिंतडून गेला तर रस्ता नुसता चोपडा करून जातो. त्यात गुलमोहराचा सडा. फोटोला सुंदर, चाकाखाली केळीची साल. झेब्रा पट्ट्यांचा जाड पांढरा रंग आणि चेंबरची लोखंडी झाकणं ओली झाली की त्यावर वळण घेऊन दाखवाच. मिरजेसारख्या रेल्वेच्या गावात ओला रूळ तिरका ओलांडणं हाही तसलाच प्रकार. जुनी माणसं फाटकाशी सायकल काटकोनात घेतात किंवा सरळ उतरतात, ती उगाच नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली, तो महापूर कुणी विसरलेलं नाही. पण पूर ओसरल्यावर रस्त्यांवर राहिलेला गाळ आठवा. ऊन पडलं की वरून वाळलेला, आतून लोणी. एवढ्या मोठ्या संकटात सायकलवरून पडलेल्यांची मोजदाद कोण ठेवणार? नाहीच ठेवली.

ऑक्टोबरच्या उन्हाचं लांबवत नाही, डोकं फिरतं एवढंच. खरी भीती नोव्हेंबरनंतर. कारखाने सुरू, पहाटे नदीकाठी धुकं आणि रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि मोळ्यांची टोकं हात-दीड हात बाहेर. दूधवाला सायकलवरून मागून येतो, त्याला ट्रॉली दिसते तेव्हा ती छातीशी आलेली असते. मग बातमी: ‘धुक्यामुळे अंदाज न आल्याने.’ पुन्हा हवाच आरोपी! वाहनाला मागे दिवा आणि रिफ्लेक्टर हवेत हा नियम जुनाच आहे, धुकं पडो न पडो. इथे तर मोटार वाहन आहे, दावा करता येतो. पण ‘धुक्यामुळे’ लिहिलं की समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

हवा हेच खरं कारण असतं तर आकड्यांत दिसलं असतं. केंद्राच्या रस्ते अपघात अहवालात हवामानाचा वेगळा तक्ता असतो. देशातले जवळपास तीन चतुर्थांश अपघात स्वच्छ, निरभ्र हवेत होतात. (वर्षातले बहुतेक दिवस निरभ्रच असतात, म्हणून यावर फार उड्या मारायला नकोत, हेही खरं.) तरी पावसाला किती दोष द्यायचा याचा थोडा अंदाज येतो.

सायकलवाल्याची काहीच जबाबदारी नाही असं माझं म्हणणं नाही. मागे लाल दिवा लावा, तो नसेल तर निदान मडगार्डला चकाकणारी पट्टी चिकटवा. काळा रेनकोट घालून पहाटे निघू नका. वीज कडाडत असताना झाडाखाली थांबू नका, आणि सायकलची टायरं रबराची आहेत म्हणून वीज लागत नाही ही समजूत सोडा. पण दिवा लावला म्हणून जाळीची फट बुजत नाही.

पोलीस ठाण्यातल्या आणि दवाखान्यातल्या ओळखीच्यांना माझी एकच विनंती आहे. ‘घसरून’ लिहिण्याआधी ‘कशावरून?’ विचारा. तेवढाच एक शब्द जादा लिहावा लागेल. आणि तुमच्या घरचं कुणी पडलं तर केसपेपर लिहिताना शेजारी उभे राहा. ‘अमुक चौकातल्या जाळीत चाक अडकून’ असं लिहून घ्या. त्याच दिवशी जागेचा फोटो काढा, शेजारी दुकानाची पाटी येईल असा. उद्यावर ठेवू नका, उद्या तिथे फरशी येते. मग रस्ता ज्यांचा आहे त्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. भरपाई ठरवणाऱ्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. ते कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी बाजारपेठेतल्या उभ्या पट्ट्यांच्या जाळ्या मोजायला निघतोय. वही आणि खडू माझ्याकडे आहे. यादी करून सोमवारी आवक-जावकला देणार, पोच इथेच टाकतो. यायचं असेल त्यांनी सायकलवरच या, गाडीवरून त्या जाळ्या दिसत नाहीत.