पहारेकऱ्यास दिसलेले नवल

वाचकहो, पहारा चोरासाठी ठेवावा आणि दृष्टीस भलतेच पडावे, तसे हे घडले. १९६३ च्या कराराने अंतराळातही अणुस्फोट करण्यास बंदी झाली. कोणी तो चोरून करतो की काय, हे पाहण्यास अमेरिकेने ‘वेला’ उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांस गॅमा किरणांचा झोत आढळला. पण बाँबची लक्षणे त्यात नव्हती. पुढे असे झोत निरनिराळ्या उपग्रहांवर सेकंदाच्या कितव्या अंशाने मागेपुढे पोहोचले, हे ताडून क्लेबेसाडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिशा काढली. पृथ्वी नव्हे, सूर्यही नव्हे! सोळा झोतांचे वृत्त १९७३ साली छापले. शेजाऱ्यावर आळ घेण्यापूर्वी इतके थांबणारी माणसे आम्हांस तरी गावात क्वचितच भेटतात. हे झोत आपल्या आकाशगंगेपलीकडून येतात, याचा पुरावा १९९७ साली मिळाला.