‘सोबती’ म्हणजे कोण?

फेब्रुवारी आला की नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई, वसई, गोव्याहून आलेल्या भाविकांनी परिसर फुलून जातो. याच महिन्यातल्या ६ तारखेकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही.

त्या दिवशी चर्च जपानच्या २६ हुतात्म्यांना एकत्र आठवते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकले. त्यांत बारा वर्षांचा लुई इबाराकी होता आणि आपल्या वसईचे गोन्सालो गार्सियाही होते. वडील पोर्तुगीज, आई इथलीच; आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन बंधू. जपानी उत्तम येत असल्याने ते दुभाष्याचे काम करत. क्योतोत कैद्यांचे डावे कान छाटले आणि ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी हा आद्यकाळातल्या हुतात्मा संत आगाथाचा दिवस, म्हणून यांचा सण ६ तारखेला.

१८६२ साली सर्वांना संतपद मिळाले. चर्चच्या दिनदर्शिकेत मात्र त्यांच्यातल्याच एकाचे नाव घेऊन ‘संत पॉल मिकी आणि सोबती’ एवढेच छापले जाते. त्या ‘सोबतीं’मध्ये भारतात जन्मलेले पहिले संत झाकले जातात. यंदा ६ फेब्रुवारीच्या प्रार्थनेत गोन्सालो गार्सियांचे नाव मोठ्याने घ्या आणि घरातल्या मुलांना ते वसईचे होते हे आवर्जून सांगा.