आत्याच्या बटव्यातला अर्धा आणा



डब्यात ठेवलेले भिशीचे पैसे दोनदा मोजले तरी पाचशेने कमी भरतात. आधी वाटते, आपलाच हिशेब चुकला. मग जावेवर संशय, मग शेजारणीवर. आणि एके दिवशी कळते की, डब्यात गेलेला हात आपल्याच पंधरा वर्षांच्या मुलाचा आहे. गोकुळ शिरगावला रात्रपाळी करून आलेला बाप कमरेचा पट्टा काढतो. चार घरची धुणीभांडी करणारी आई, वस्तीत बोभाटा होईल म्हणून सगळे पोटात घालते. माराने मूल अधिक सफाईने चोरायला शिकते आणि झाकल्याने निर्ढावते. मग करावे काय?

ज्यांच्या प्रतिमेसमोर आपण हात जोडतो, त्या परमपूज्य बाबासाहेबांनीच आपल्या बालपणाची एक गोष्ट सांगून ठेवली आहे. धनंजय कीरांच्या चरित्रग्रंथातही ती आलेली आहे. साताऱ्याचे दिवस. आई भीमाबाई निवर्तलेल्या, वडिलांनी दुसरे लग्न केलेले. बाल भीमरावांचे मन घरात रमेना. साताऱ्याची मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागतात, असे त्यांच्या कानावर आले होते. पण मुंबईला जायला पैसे कुठले? शेजारी झोपणाऱ्या आत्याच्या कमरेचा बटवा काढण्याचा त्यांनी तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री बटवा हाती लागला. आत निघाला अवघा अर्धा आणा! त्या चार रात्रींनी त्यांच्या मनाला असा हादरा बसला की, तो लाजिरवाणा मार्ग त्यांनी सोडला. उनाडक्या सोडून नेटाने शिकायचे आणि लवकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असे त्यांनी ठरविले.

यावरून चोरी क्षुल्लक ठरते, असे मुळीच नव्हे. पंचशीलातील दुसरे शील न दिलेली वस्तू न घेण्याचे आहे. डबा घरचा असला तरी त्यातले पैसे कोणी दिलेले नव्हते. परंतु आम्हाला या गोष्टीत दोन धडे दिसतात. एक, चोरीमागे काहीतरी कारण असते आणि ते शोधावे लागते. दुसरा, बटवा उघडला तेव्हाच आत किती थोडे आहे ते दिसले. आपल्या घरातील किती मुलांना आपला बटवा खरोखर ठाऊक असतो?

म्हणून राग शांत झाल्यावर आई-वडील दोघांनी मिळून मुलाला जवळ बसवावे. "तू घेतलेस का?" असे विचारून त्याला खोटे बोलायची वाट देऊ नये. "पाचशे गेले, ते तू घेतलेस हे आम्हाला कळले आहे. कशासाठी घेतलेस ते सांग," असे सरळ बोलावे. मित्रांची उधारी, मावा-गुटखा, कोणाची धमकी, की मोबाईलवरचा जुगार? 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तरी आपल्या फोनवरून पैसे कुठे जातात, हे घरच्यांनीच पाहायचे आहे. फोनचा पिन बदलावा, रोकड उघड्यावर ठेवू नये. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी नशा, जुगार आणि कुसंगती ही धननाशाची कारणे सांगितली आहेत, आणि मुलांना वाईटापासून परावृत्त करणे हे आई-वडिलांचे कर्तव्य म्हटले आहे.

मग घराचा हिशेब त्याच्यापुढे मांडावा. पगार किती, भाडे किती, शाळेचे किती, भिशीचा हप्ता किती आणि या महिन्यात तो भरायला कशाला कात्री लागली. गेलेले पैसे त्याने स्वतःच्या हातखर्चातून, दर आठवड्याला थोडे थोडे का होईना, फेडावेत. वहीत तशी नोंद त्यानेच करावी.

पोलिसांचा धाक घालू नये. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. चोरी वरचेवर होत असेल, मूल व्यसनात किंवा कोणाच्या धाकात सापडले असेल, तर सीपीआर रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवावे. मुलांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 या क्रमांकांवर फोन करता येतो. यात कमीपणा कसला?

शेवटी एक गोष्ट कोल्हापूरकरांना तरी सांगायला नको. याच संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांना चोर समजून रोज गावकामगारापुढे हजेरी द्यावी लागत असे. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये ती हजेरी बंद केली. ज्यांच्या आजा-पणजांनी जन्माने चोर ठरविले जाण्याचे दुःख भोगले, त्यांनी आपल्या पोराच्या कपाळी तोच शिक्का मारावा काय? एकदा पैसे फिटले की तो विषय घरात संपला पाहिजे. भावंडांच्या भांडणात नाही, पाहुण्यांपुढे नाही, पुढे कधी दहा रुपये हरवले तरी पहिली नजर त्याच्याकडे नाही. रोजच्या संशयाची हजेरी आपल्या घरात नको.

नमो बुद्धाय, जयभीम!