बेशुद्ध माणसाशीही बोला

भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराला येणाऱ्या लाँचमध्ये परवा एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "वडील महिनाभर बेशुद्ध आहेत. बोलून काय उपयोग? त्यांना काहीच कळत नाही." कळत नाही, हे आपल्याला कसे कळते, हा प्रश्न मला उरणला पोचेपर्यंत छळत राहिला.

ऑस्ट्रेलियात जन्मलेले तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ साली याच्याच मुळाशी बोट ठेवले. मेंदू कसा ऐकतो, कसा लक्षात ठेवतो, हे शास्त्र सांगू शकेल. पण त्याबरोबर आतून जाणीव का उमटते, हा खरा कठीण प्रश्न, असे ते म्हणतात. दुसऱ्याची जाणीव बाहेरून दिसत नाही.

२००६ साली इंग्लंडमध्ये अपघातानंतर प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला, 'टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा' असे सांगण्यात आले. स्कॅनमध्ये तिच्या मेंदूने निरोगी माणसासारखाच प्रतिसाद दिला! सगळ्याच रुग्णांचे असे नसते, हे खरे.

आपल्या केईएम रुग्णालयात परिचारिकांनी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळले. आधी पुरावा द्या, मग माया करू, असे त्यांनी म्हटले नाही.

म्हणून वाचकहो, रुग्णाच्या उशाशी खर्चाची आणि वाटणीची चर्चा नको. नावाने हाक मारा. कूस बदलण्यापूर्वी तसे सांगा. ऐकू येत असेल तर त्याला धीर मिळेल. नसेल तर आपले काय जाते?