सिरपची खरी डेडलाईन

मेपल सिरप म्हटलं की मला आधी लाकडांची रास दिसते. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये सीझन जेमतेम चार-सहा आठवड्यांचा, साधारण मार्च-एप्रिलमध्ये. रात्री पाणी गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब असली की झाडातून रस वाहतो. एक लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस आटवायचा, आणि तोही ताजा असतानाच. ठेवला तर नासतो. ओलं लाकूड जाळलं तर बरीचशी आच त्यातलंच पाणी उडवण्यात जाते. म्हणून लाकूड आदल्या वर्षीच फोडून, रचून वाळवायचं.

आपण आयटीवाले रिलीजच्या आदल्या रात्री जागणाऱ्याला हिरो करतो. माझ्या मते अप्रेझलमध्ये पहिला नंबर लाकडं फोडून ठेवणाऱ्याचा हवा. मार्चमध्ये कितीही माणसं वाढवा, ओलं लाकूड रातोरात वाळत नाही.