साखर मोजली, स्नायूंचे काय?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : २६.४ टक्के. तेव्हापासून चर्चा केवळ साखरेचीच. वास्तविक जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच शोषून घेतात. ते झडले की साखर आवरणे कठीण होते, पडण्याची भीतीही वाढते. आपण मात्र वृद्धांना ‘पचायला हलकी’ म्हणून पेज वाढतो आणि घटलेल्या वजनाचे कौतुक करतो! पासष्टीनंतर तज्ज्ञ वजनाच्या दर किलोमागे किमान १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात (मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच). पन्नास किलोच्या आजीला रोज ५० ते ६० ग्रॅम. मासळी महागली की ती आणायची कोठून? अन्नसुरक्षा कायद्याची हमी धान्यापुरती आहे, डाळीची नाही. महासाथीत वाटपासाठी घेतलेली सुमारे २४० टन तूरडाळ मात्र सरकारी गोदामांत खराब झाल्याचे २०२२ मध्ये उघड झाले.